कोतात्सूखालची वांगी

सूर्यनारायण जपानात मार्चअखेरीला जे काम हातात घेतो, ते आमच्या थोरल्या जाऊबाई फेब्रुवारीतच उरकून मोकळ्या झालेल्या असतात. हे मी कौतुकाने म्हणत नाही, धास्तीने म्हणते. बाहेर कालव्यावरून असा बोचरा वारा सुटलेला असतो की बाल्कनीत वाळत घातलेले पायमोजे पायांवाचून उभे राहतील, टोकियोतला आमचा सगळा कोतो वॉर्ड नाकापर्यंत मफलर ओढून स्टेशनकडे पळत असतो, आणि आमच्या इमारतीच्या अकराव्या मजल्यावर, वहिनींच्या बैठकीच्या खोलीत, वांगी जन्माला येत असतात. वांग्यांच्या पाठोपाठ टोमॅटो, मग मिरच्या, मग दोडका, भेंडी, तुळस. मे महिन्यात बाल्कनीत जायचं तर आत्तापासून घरात बाळसं धरायला हवं, असा वहिनींचा हिशेब. मी त्यांची धाकटी जाऊ. दोघे भाऊ तोयोसूच्या एकाच आयटी ऑफिसात, दोन्ही बिऱ्हाडं एकाच इमारतीत, आम्ही नवव्या मजल्यावर. सासरच्या माणसांपासून जरा लांब राहायला मिळेल म्हणून मी पुण्याहून उड्या मारत टोकियोला आले, तर थोरली जाऊ दोन मजले वर आधीच ठाण मांडून बसलेली. आणि तीही हातात झारी घेऊन.

बियाण्याची पाकिटं वहिनी विकत आणतात, नाही असं नाही. शंभर येनच्या दुकानात त्या बियांच्या फळीपुढे देवळात उभं राहावं तशा उभ्या राहतात आणि त्यांना तिथून हलवायला माणूस लागतो. पण त्यांचा खरा विश्वास मसाल्याच्या डब्यावर. फोडणी घालताना चार मोहऱ्या ओट्यावर सांडल्या तर तुम्ही-आम्ही पुसून घेतो, वहिनी वेचून रुजत घालतात. आणि रुजत घालायला डबे लागतात, ते पुरवण्याचं काम आमच्या घराकडे. जानेवारी ते मार्च आमच्याकडे रोज तोफू असतो. तोफूची भुर्जी, तोफूची भजी, एकदा तर तोफूचं थालीपीठ. आमच्यात तोफू कुणाला आवडतो म्हणून नव्हे, वहिनींना डबे कमी पडतात म्हणून. कचरा वेगळा करण्याच्या बाबतीत जपानी माणूस जगात पहिला, असं म्हणतात. असेल बाई. पण प्लास्टिकच्या दिवशी माझी पिशवी खाली न्यायच्या आधी अकराव्या मजल्यावर तपासली जाते, हे त्या जपानी माणसाला ठाऊक नाही. ‘अगं, एवढा चांगला डबा टाकून देतेस? खाली चार भोकं पाडली की झाला ना वाफा!’ असं म्हणून वहिनी माझ्या कचऱ्यातून अर्धी पिशवी काढून घेतात आणि उरलेली मला परत करतात.

मिरचीच्या बीला ऊब लागते. किती लागते ते मिरचीला माहीत आणि वहिनींना. त्यामुळे त्यांच्या घरात जी म्हणून वस्तू गरम होते, तिच्या डोक्यावर ओल्या फडक्यातलं बी बसलेलं असतं. वाय-फायचा राउटर तर त्यांनी कायमचा ताब्यात घेतलेला. एकदा भाऊजी घरूनच क्लायंटच्या मीटिंगमध्ये होते, समोर पडद्यावर सहा गंभीर चेहरे, आणि फडक्यातलं पाणी राउटरच्या पोटात उतरलं. सहाही चेहरे गेले. भाऊजींनी फोनवरून जोडणी करून, खाली मान घालून जपानीत सांगितलं, ‘माफ करा, घरी शेतीचा थोडा प्रश्न आहे.’ त्या भल्या माणसांनी त्यांची विचारपूस केली, वर पाऊसपाण्याची चौकशी केली. वहिनी पलीकडून म्हणाल्या, ‘त्यांना सांगा, मिरच्या सुखरूप आहेत.’

आणि कोतात्सू! कोतात्सू म्हणजे बसकं टेबल, टेबलाच्या पोटात हीटर, वरून चारी बाजूंनी सोडलेली जाड रजई. जपानी माणूस हिवाळाभर त्यात पाय घालून संत्री सोलत बसतो. वहिनींचा कोतात्सू मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मीही मोठ्या आशेने रजई उचलून पाय आत सरकवले. ‘पाय बाहेर!’ असा आवाज स्वयंपाकघरातून आला की मी दचकून भिंतीला चिकटले. आत ओळीने ट्रे मांडलेले. ‘वांगी आहेत. दोघींनी डोळे उघडलेत, बाकीच्या आज-उद्याकडे उघडतील.’ भाऊजी रजईच्या बाहेर, दोन स्वेटर आणि कानटोपी घालून, पोटाशी पाय घेऊन वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी माझ्याकडे बघून अशी मान हलवली की मी पुन्हा त्या घरात कधी ऊब मागितली नाही.

जे बी फारच हट्टी, ते वहिनी स्वतःच्या अंगावर उबवतात. खोटं वाटेल, पण साडीच्या, नाहीतर पँटच्या, कमरपट्ट्यात ओल्या फडक्याची पुरचुंडी खोचून त्या बाजारहाट करतात, सायकल चालवतात, पार्सलवाल्याशी हुज्जत घालतात. एकदा वॉर्डाच्या आरोग्य तपासणीला गेल्या. एक्स-रेवाल्या मुलीने अंगावरच्या वस्तू काढून ठेवायला सांगितल्या. वहिनींनी मंगळसूत्र काढलं, घड्याळ काढलं, आणि शेवटी पुरचुंडी काढून तळहातावर धरली. मुलगी घाबरली. तिला वाटलं, काहीतरी औषधोपचार असेल. वहिनींना जपानी येतं बेताचंच. त्यांनी पुरचुंडीकडे बोट दाखवलं, मग दोन्ही हात गालाखाली घेऊन झोपल्याची खूण केली आणि ओठांवर बोट ठेवलं. त्या मुलीने काय समजायचं ते समजून, कमरेत वाकून, दोन्ही हातांनी ती पुरचुंडी घेतली आणि टोपलीत रुमाल अंथरून त्यावर ठेवली. मला हे ऐकून हसू आवरेना. वहिनी मात्र गंभीरपणे म्हणाल्या, ‘फार सुसंस्कृत लोक गं.’

एकदा कोंब वर आला की वहिनींची शाळा सुरू. लग्नाआधी त्या कऱ्हाडला गणित शिकवायच्या, तो आवाज अजून आहे. ‘ताठ उभा राहा. कुबड काढून खिडकीकडे काय बघतोस? ऊन काय पळून चाललंय?’ हे टोमॅटोला. ‘तू गं, तुला कुणी घाई केली होती का? बाकीच्या बघ कशा शहाण्यासारख्या दोन पानांवर थांबल्यात.’ हे दोडक्याला. रोज सकाळी सगळ्यांच्या डोक्यांवरून तळहात फिरवायचा, म्हणजे देठ बळकट होतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनात म्हटलं, झालं, एकटेपणाने डोकं फिरलं बाईंचं. पुढे कुठेतरी वाचलं की रोपांना असं हलकंसं हलवलं तर खरोखरच ती बुटकी आणि दणकट होतात. वहिनींना हे कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, ‘सांगायला कशाला हवं? डोक्यावरून हात फिरवल्यावर कोण बळकट होत नाही?’

पण खरी कमाल बाबागाडीची. पुतणी आता कॉलेजात आहे, तिची लहानपणची बाबागाडी वहिनींनी भारतातून इथवर आणून जपून ठेवलेली. त्यांच्या खोलीत ऊन दुपारपर्यंत टिकत नाही, म्हणून मार्च लागला की रोपं बाबागाडीत घालायची, वर पातळ दुपटं, आणि लिफ्टने खाली उतरून कालव्याकाठच्या बागेत उन्हाला न्यायची. बाबागाडी दिसली की जपानी आजीबाईंना राहवत नाही. ‘कावाई, कावाई’, म्हणजे ‘कित्ती गोड’, करत त्या वाकून बघतात, आणि आत वांगी. एक ठेंगणीशी आजी, डोक्यावर विणलेली टोपी, अशीच वाकली होती. मी शेजारीच होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजींनी दुपट्याखाली पाहिलं, क्षणभर थांबल्या, आणि तितक्याच मायेने म्हणाल्या, ‘किती महिन्यांची?’ मी भाषांतर केलं. वहिनी म्हणाल्या, ‘दुसरा चालू आहे म्हणावं.’ आजींनी दुपटं नीट केलं. तेव्हापासून त्या दोघींची रोज भेट. एक मराठीत बोलते, दुसरी जपानीत, आणि मध्ये मी नसले तर जास्तच बरं चालतं.

तर अशा ह्या आमच्या वहिनी. आणि त्यांच्यावर यंदाच्या एप्रिलमध्ये जे असं अचानक कोसळलं, ते त्यांच्याच मान लववण्यामुळे.

झालं असं की फेब्रुवारीत इमारतीतल्या रहिवाशांची सभा होती. मी ऑफिसात, दोघा भावांनी अंग काढून घेतलेलं, म्हणून दोन्ही घरांच्या वतीने वहिनी गेल्या. नऊ वर्षं त्यांनी ‘हाय’ म्हणजे हो, ‘सुमिमासेन’ म्हणजे माफ करा, आणि नमस्कार एवढ्यावर काढली आहेत, तशीच ती सभाही काढली. प्रत्येक वाक्याला हसतमुखाने मान लववून आल्या आणि आम्हाला सांगितलं, ‘जिन्याला रंग काढतायत. बरंच झालं, फार मळला होता.’ आम्ही तेवढ्यावर खूश. एप्रिलमध्ये एका सकाळी लिफ्टमध्ये नवीन चित्र लागलं. इमारतीभोवती खालपासून वरपर्यंत बांबूंसारखे लोखंडी पाइप, वरून जाळी, आणि कोपऱ्यात कुंडीचं चित्र काढून त्यावर लाल फुली. मी खालची सूचना सगळी वाचली. इथे ठरावीक वर्षांनी अख्ख्या इमारतीची डागडुजी होते. पाइपांची परांची बांधतात, इमारत जाळीत गुंडाळतात, बाल्कनीच्या जमिनी उकरून पुन्हा करतात. मेच्या सुट्ट्या संपल्या की काम सुरू, पानं गळायला लागेपर्यंत चालणार. बाल्कनीत वस्तू नको, खिडकी उघडायला नको, आणि ऊन जाळीतून येईल तेवढंच. माझी बाल्कनीही त्यातच, शेजारणींच्याही त्यातच.

मी वर गेले तेव्हा इमारतीचे व्यवस्थापक दारात उभे होते. सत्तरीचे, टापटीप, शब्दागणिक वाकणारे गृहस्थ. त्यांना खोलीतलं सगळं दिसत होतं. टेबलावर रोपं, टीव्हीपुढे रोपं, देव्हाऱ्याच्या पायरीवर रोपं. त्यांनी दातांतून हवा ओढली आणि मान कलती करून म्हणाले, ‘जरा अवघड आहे.’ जपानी माणूस ‘जरा अवघड आहे’ म्हणाला की समजावं, ब्रह्मदेव आला तरी होणार नाही. मी वहिनींना सगळं मराठीत सांगितलं. त्यांनी व्यवस्थापकांना नमस्कार केला, दार लावलं आणि कोतात्सूच्या कडेला बसल्या.

मी म्हटलं, ‘वहिनी, एवढं काय त्यात! पुढच्या वर्षी पुन्हा लावू. एक उन्हाळा विकतची वांगी खाऊ.’

‘वांग्यांसाठी लावते असं वाटतं का गं तुला?’ त्या म्हणाल्या. ‘पहिल्या वर्षी आले तेव्हा हे ऑफिसात, लेक शाळेत. दुकानात बोलावं तर कुणाला कळत नाही, फोनवर बोलावं तर तिकडचे आधी झोपलेले, मग कामात. लेक घरी येऊन जपानीत उत्तर द्यायला लागली. मी दिवसदिवस गप्प असायचे. एकदा डब्यातली मेथी तोफूच्या भांड्यात टाकली आणि सहज म्हटलं, उगवा गं बायांनो. दोन दिवसांनी बघते तर उगवल्या होत्या. या देशात मी बोललेलं पहिल्यांदा कुणाला तरी कळलं होतं.’

डोळे भरून आले माझे, ते लपवायला मी उगाच झारी भरून आणली.

झारी खाली ठेवून मी म्हटलं, ‘मग लोकांना विचारू. बागेतल्या आजी आहेत, त्यांच्या मैत्रिणी आहेत, माझ्या ऑफिसातल्या सातो-सान आहेत. थोडे महिने ठेवा म्हणावं.’ वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांना दारोदार भीक मागायला सांगत होते. कुणाकडे काही मागायचं नाही, हा त्यांचा बाणा. वाटीभर साखर संपली तर कोरा कडू चहा पितील पण माझ्या दारात यायच्या नाहीत. आणि इथले लोक तसलेच, दुसऱ्याला तसदी नको म्हणून शिंकतानासुद्धा माफी मागणारे. मी हात टेकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी वहिनींचा फोन. आवाजात कऱ्हाडची शाळा. ‘मागायचं कशाला? देऊन टाकू. चैत्र चाललाय. चैत्रगौरीचं हळदीकुंकू करू आणि वाण म्हणून रोपं लुटू.’

‘वहिनी, वाण संक्रांतीला असतं. चैत्रात कैरीची डाळ, पन्हं आणि ओटीला भिजवलेले हरभरे.’

‘कैरी मिळते का इथे? तरी गौर बसतेच ना? तिला चालतं तर तुझं काय बिघडलं? आणि एक लक्षात ठेव. वाण दिलं म्हणजे दिलं. परत मागायचं नाही, बघायला जायचं नाही, चौकशी करायची नाही. आपली मुलं सांभाळायला टाकली असं कुणाला वाटता कामा नये.’

म्हणजे सगळी द्यायची, आणि कायमची. मी म्हटलं, स्वयंपाकघराच्या खिडकीत एखादं तरी ठेवा. त्या म्हणाल्या, ‘एक निवडून ठेवलं तर बाकीची नको होती म्हणून दिली असं होईल.’ असं मन कुठून आणतात ही माणसं, मला खरंच कळत नाही.

ते हळदीकुंकू कोतोच्या इतिहासात दुसरं होणे नाही. टॉवेलच्या हँगरचा झोपाळा करून गौर बसवली होती. डाळीत कैरीऐवजी हिरवं सफरचंद. बागेतल्या आजी आणि त्यांच्या व्यायामाच्या मैत्रिणी, सातो-सान, सगळ्या दारात बूट काढून, टोकं बाहेरच्या बाजूला करून, रांगेने आत. वहिनी वाकून कुंकू लावायच्या, की समोरची वाकायची, की वहिनी पुन्हा वाकायच्या. कुंकू कपाळाऐवजी कुणाच्या भुवईला, कुणाच्या नाकाला. मी हळूच म्हटलं, ‘वहिनी, आजींचे यजमान नाहीत हो.’ ‘टोमॅटो देतेय त्यांना. टोमॅटोला विचार, त्याची काही हरकत आहे का,’ एवढं बोलून त्यांनी आजींना ठसठशीत कुंकू लावलं. व्यवस्थापक बाल्कनी रिकामी झाली का ते बघायला आले आणि अडकले. बायकांचा कार्यक्रम म्हणून दारातच अंग चोरून उभे होते. वहिनींनी त्यांच्यावर गुलाबपाणी शिंपडलं, हातात डाळीची वाटी दिली आणि दोन मिरच्या कडेवर द्याव्यात तशा दिल्या. त्यांच्या घरामागे हातभर मातीची जागा आहे, हे वहिनींनी कधी काढून घेतलं होतं देव जाणे.

खरी त्रेधा माझी. प्रत्येक रोप देताना वहिनी त्याचा स्वभाव सांगणार आणि मी तो जपानीत सांगायचा. माझं जपानी पडलं ऑफिसचं. सर्व्हर बंद पडल्याबद्दल मी अत्यंत शुद्ध भाषेत दिलगिरी व्यक्त करू शकते, पण ‘ही भिडस्त आहे, तहान लागली तरी सांगायची नाही’ हे कसं सांगायचं? शेवटी मी सातो-सानना म्हणाले, ‘या वांग्याकडून पाण्याच्या मागणीबाबत पूर्वसूचना मिळणार नाही, त्याबद्दल आगाऊ क्षमस्व.’ सातो-साननी ते लिहून घेतलं.

ओटीत घातलेले भिजवलेले हरभरे खायचे असतात, हे सांगायचं मात्र राहून गेलं. पुढच्या आठवड्यात व्यायामवाल्या एका बाईंनी मला बागेत गाठून अभिमानाने सांगितलं की सगळ्याजणींनी ते पेरले आणि बहुतेकांचे उगवलेत. मी हसत हसत जाऊन वहिनींना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘इतकी वर्षं ओट्या भरल्या, मला कधी सुचलं नाही.’

मग परांची चढली, जाळी लागली. अकराव्या मजल्यावरची खोली रिकामी झाली आणि कोतात्सू घडी करून कपाटात गेला. भाऊजींनी कित्येक वर्षांनी त्या खोलीत पाय पसरले, इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा पोटाशी घेतले. वहिनी शब्दाच्या पक्क्या. कुणाकडे चौकशी नाही, कुणाच्या घरी पाऊल नाही. बागेत आजी भेटल्या तरी हवापाण्याचंच बोलायच्या. फक्त भाजीला त्या आता लांबच्या सुपरमार्केटमध्ये जायला लागल्या होत्या.

जुलैच्या एका संध्याकाळी मीही सायकल काढून त्यांच्याबरोबर गेले. रस्ता सरळ होता, पण वहिनी कालव्याच्या पलीकडून वळल्या आणि एका जुन्या इमारतीसमोर उतरून सायकलची साखळी बघायला लागल्या. साखळीला काही झालेलं नव्हतं. मी त्यांच्या नजरेमागे वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर, कठड्याच्या वर डोकं काढून, टोमॅटो उभा होता. चांगला पुरुषभर वाढलेला, लालभडक घोस लटकलेले. तेवढ्यात दार सरकलं आणि बागेतल्या आजी झारी घेऊन बाहेर आल्या. वहिनी झपकन सायकलमागे खाली बसल्या आणि माझा हात ओढून मलाही बसवलं. दोन प्रौढ बायका, भर रस्त्यात, सायकलींच्या चाकांतून वर बघत होत्या.

आजी पाणी घालत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. मध्येच थांबून त्यांनी एका फांदीवरून हात फिरवला, काहीतरी रागावल्या आणि मग हसल्या.

‘बोलतायत गं त्याच्याशी,’ वहिनी कुजबुजल्या. ‘जपानीत.’

‘हो.’

‘माझ्याकडे होता तोवर त्याने मराठीशिवाय काही ऐकलं नव्हतं. कळत असेल का त्याला?’

मी म्हटलं, ‘कळतंच असणार. नाहीतर एवढा वाढला असता का, वहिनी?’

आजी आत गेल्या, दार सरकलं, तरी वहिनी उठल्या नाहीत. मग पदर नव्हता म्हणून कुर्त्यावरची ओढणी डोळ्यांना लावून म्हणाल्या, ‘म्हणजे शिकला म्हणायचा. माझ्याआधी शिकला.’

आम्ही सायकली हातात धरून चालतच घरी आलो. वाटेत वहिनींनी मला विचारलं, आजी त्याला रागावून काय म्हणाल्या असतील. मला ऐकू आलं नव्हतं. तरी मी सांगितलं, ‘ताठ उभा राहा म्हणाल्या.’ वहिनींनी दोनदा मला ते जपानीत म्हणायला लावलं आणि घर येईपर्यंत स्वतःशीच घोकत राहिल्या.